सातबाऱ्यावरचं नाव: कोकणातल्या दुसऱ्या डावाची पार्श्वभूमी

पन्नाशीला आलेली बाई मुंबईचा संसार मागे ठेवते, कोकणातल्या बंद घराचं कुलूप काढते आणि स्वतःच्या बळावर उभी राहते. अशा कथेवर कादंबरी लिहायची असो की वाचायची, आधी एक गोष्ट पाहावी: ते घर कुणाच्या नावावर आहे?

मराठी कादंबरीची सुरुवातच विधवेच्या प्रश्नाने झाली. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७चं. पण तिथून पुढची कित्येक वर्षं कादंबरीतली दुःखी नायिका कोवळ्या वयातलीच राहिली. चाळिशी ओलांडलेली बाई म्हणजे कुणाची तरी आत्या किंवा सोवळ्यातली आजी. तिला पुढे काय हवंय, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नव्हतं.

प्रत्यक्ष आयुष्याने मात्र कादंबरीला मागे टाकलं. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले तरुणपणीच विधवा झाल्या आणि बहीण बाया कर्वे (महर्षी कर्व्यांच्या पत्नी) यांच्याकडे आल्या. महर्षी कर्व्यांनी १८९६मध्ये सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमात शिकून त्यांनी संस्थेसाठी वर्षानुवर्षं वर्गणी गोळा केली. १९१८मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायला त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. त्यांच्या पाठीशी संस्थेचं छप्पर होतं. ज्यांच्या पाठीशी तेही नव्हतं, त्यांना दिराच्या घरातली चूल सुटली नाही.

पुढची पिढी मनीऑर्डरीवर जगली. चाकरमानी नवरा मुंबईच्या गिरणीत, बायको गावी शेत, गुरं आणि सासूसासरे सांभाळत. कारभार सगळा तिचा, कागद सगळे पुरुषांच्या नावाचे. गिरणगावात ज्या बाया खाणावळी चालवत, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटल्या. गावातल्या बाईच्या कष्टांवर घर चालतं, हे तेव्हा लख्ख दिसलं.

कायदा हळूहळू आला. १९३७च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा दिला, पण तो मर्यादित; साधारणपणे तिला तो विकता येत नसे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ने तिला पूर्ण मालक केलं. महाराष्ट्राने १९९४मध्ये (तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना) आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५पासून सगळ्याच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहहिस्सेदार मानलं. २००५च्या त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४पूर्वी झालेलं रीतसर वाटप त्यामुळे उखडत नाही.

हक्क मिळाला, पण कोकणात तो सातबाऱ्यावर उतरवणं हे वेगळंच काम आहे. इथला सातबारा बहुधा सामाईक असतो. वीस-पंचवीस गुंठ्यांवर तीन पिढ्यांची नावं, त्यातली अर्धी माणसं वारलेली. मृत्यूनंतर तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याला वर्दी द्यायची असते. सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र. मग फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, लिहिला जातो, नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. घर या उताऱ्यात शोधू नये. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीच्या नोंदीचा उतारा) काढावा. घरपट्टी अजून आजोबांच्याच नावाने येत असण्याची शक्यता बरीच. कधी जमीन एकाची आणि त्यावरची झाडं दुसऱ्याची, असंही निघतं.

घोळ ठरलेल्या जागी होतात. प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावंच गाळली जातात. नाहीतर माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर, आणि दोन्ही एकाच बाईची असल्याचा पुरावा नाही. सगळ्यात जास्त नुकसान करतं ते हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त. “भावाशी वाकडेपणा कशाला?” म्हणत निबंधक कार्यालयात सही होते, अंगठा उठतो, फोटो निघतो. पाच मिनिटांचं काम. एकदा नोंदलेला हा दस्त बहिणीला एकटीने रद्द करता येत नाही. फसवणूक झाली असेल तर दिवाणी न्यायालय गाठावं लागतं. कोकणातल्या अशा कादंबरीत खरी कलाटणी मला या सहीत दिसते, घटस्फोटाच्या कागदावर नव्हे.

आणि नाव लागलं म्हणजे परसातला तुकडा वेगळा झाला असंही नाही. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर तहसीलदाराकडे कलम ८५खाली वाटप, मग मोजणी, मग तुकड्याचा वेगळा पोटहिस्सा. एकानेही नकार दिला तर दिवाणी दावा.

म्हणूनच दुसरा डाव मांडणारी बाई बहुधा आमसुलांपासून सुरुवात करते. बचत गटाच्या कर्जाला सातबारा गहाण ठेवावा लागत नाही, आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, शेजारून विकत घेता येतात. एप्रिल-मेमध्ये पिकलेले रातांबे फोडायचे, बिया आणि गर काढून त्या रसात मीठ घालायचं, सालं त्यात बुडवून उन्हात टाकायची. संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात. अशी पाच-सहा पुटं. सरबतासाठी सालांच्या दुप्पट साखर, बरणीत थरावर थर, आठवडाभर. बिया वाळवून भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल. मधेच वळीव आला आणि अर्धवट वाळलेली सालं झाकून ठेवली, तर बुरशी धरते आणि सगळा घाणा फुकट जातो.

स्वतःच्या नावच्या तुकड्यात झाड लावायची वेळ आली, तर बी रुजवू नये. रोपातून निघालेली जवळजवळ अर्धी झाडं नर निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. पन्नाशीला लावलेलं असं नर झाड अठ्ठावन्नाव्या वर्षी नुसता फुलोरा दाखवतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’सारखी कलमं लावावीत; ती पाचव्या-सहाव्या वर्षी फळाला येतात.