गाडी लागली का?

नाशिकच्या सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, सकाळी दहा मिनिटं उभं राहिलं, की हा प्रश्न चारदा तरी कानावर येतो: "त्र्यंबकची गाडी लागली का हो?" त्याच बाकावरच्या आजी नातवाला बजावत असतात, "मला खिडकीशी बसू दे रे, मला गाडी लागते." गाडी तीच, लागणं तेच, अर्थांचा मात्र एकमेकांशी काही संबंध नाही. गाडी हलली की डोळा लागतो, उठल्यावर भूक लागते, मग घाट लागतो. यात मराठी माणूस कधी अडखळत नाही. तोच माणूस इंग्रजीतल्या ‘गेट’ (get) या क्रियापदापुढे हात टेकतो.

माझा भाचा बाहेरदेशी शिकायला जायच्या तयारीत आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी त्याने दोनशे पानी वही भरलीय. ‘गेट’च्या पानावर ओळीने गेट ऑन, गेट ऑफ, गेट इन, गेट बाय, गेट अवे, गेट ओव्हर, समोर मराठी अर्थ. कामासाठी दोघं मुंबईला निघालो होतो. नाशिकरोडच्या फलाटावर पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघता बघता मी वही ओढून घेतली.

"गेट अवे म्हणजे?"

"आहे त्यात कसंबसं भागवणं."

ते ‘गेट बाय’. ‘गेट अवे’ म्हणजे रोजच्या धबडग्यातून चार दिवस कुठेतरी निघून जाणं. पाठ दोन्ही होतं, पण शेजारच्या दोन ओळींची अदलाबदल झाली होती.

दोष पोराच्या डोक्याचा नाही, वहीच्या मांडणीचा आहे. टिंकम नावाच्या संशोधकाने १९९३ मध्ये लोकांना बनावट शब्द पाठ करायला दिले. सदरा, जाकीट, स्वेटर असे एकाच जातीचे अर्थ असलेले शब्द एकत्र दिले, तर ते एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा हळू पाठ झाले. सारखेपणामुळे आठवणी एकमेकींच्या पायात पाय घालतात. १९९७ मध्ये त्यांनी दुसरी बाजू तपासली: बेडूक, तळं, हिरवा, उडी असे एकाच प्रसंगात भेटणारे शब्द दिले. ते भराभर पाठ झाले. हे प्रयोग सुट्या शब्दांवरचे होते, ‘गेट ऑन’सारख्या जोडक्रियापदांवरचे नव्हेत. पण एकाच ‘गेट’ची सहा भावंडं एका पानावर कोंबली तर गोंधळ वाढणारच, असं मला वाटतं.

म्हणून गाडीत बसल्यावर वही मोडून प्रवासाच्या क्रमाने पुन्हा लावायला घेतली. घरातून निघणं ‘सेट ऑफ’. रिक्षात बसणं ‘गेट इन’, पण रेल्वेत चढणं ‘गेट ऑन’. असं का? ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला बहुतेक ‘ऑन’, ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला ‘इन’. (सायकल आणि घोडा पाठीवर बसायचे, म्हणून ‘ऑन’च.) नाशिकच्या द्वारका चौकात अडकून पडलो ते ‘गॉट हेल्ड अप’. गाडी फलाटात शिरली, ‘पुल्ड इन’. आणि उतरणं? आपण बिनदिक्कत ‘गेट डाउन’ म्हणतो, कारण मनात ‘उतरणं’ असतं आणि उतरणं म्हणजे खाली. इंग्लंडातला माणूस बसमधून ‘गेट ऑफ’ होतो. अर्थात आपल्याकडच्या कंडक्टरला ‘गेट डाउन’च कळेल, तेव्हा इथे ते चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिकिटाचंही तसंच. आपण तिकीट ‘काढतो’, इंग्रजीत ते विकत घेतात नाहीतर बुक करतात. रहदारीला ते ‘हेवी’ म्हणतात, ‘स्ट्राँग’ नाही. चहाला ‘स्ट्राँग’ म्हणतात, ‘हेवी’ नाही. याला तर्क नाही, संगत आहे. जे. आर. फर्थ हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ, तरुणपणी लाहोरला शिकवून गेलेले. शब्द ओळखावा तो त्याच्या सोबत्यांवरून, असं त्यांनी १९५७ मध्ये मांडलं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. हे आपल्याला बैलांवरून आधीच ठाऊक होतं. आज ही संगत मोजताही येते. कोट्यवधी शब्दांच्या साठ्यात ‘हेवी’ आणि ‘ट्रॅफिक’ निव्वळ योगायोगाने किती वेळा शेजारी आले असते, आणि प्रत्यक्षात किती वेळा येतात, यांचं गुणोत्तर काढायचं. ते जितकं मोठं, तितकी जोडी पक्की. अशा ओळखीच्या जोड्यांवरून वाचणाऱ्याची नजरही झपाट्याने सरकते, कारण मेंदू त्या बहुधा तयार तुकडा म्हणून उचलतो, शब्द शब्द जुळवत बसत नाही.

इगतपुरी सुटली, घाट लागला. इथला चढ ३७ मीटरला १ मीटर, त्यामुळे कसाऱ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. समोरून तशीच एक गाडी चढत होती. भाचा म्हणाला, "मावशी, ‘ऑफ’, ‘अप’, ‘इन’ ही म्हणजे क्रियापदाची मागची इंजिनं."

उपमा चांगली होती, पण पुरती जमत नव्हती. घाटातलं मागचं इंजिन गाडीला नुसतं ढकलतं. ‘ऑफ’ तर रूळच बदलून टाकतं. ‘सी’ म्हणजे बघणं, आणि ‘सी ऑफ’ म्हणजे निरोप द्यायला स्टेशनपर्यंत जाणं.

त्याने ते वहीच्या नव्या पहिल्या पानावर लिहिलं. समोर मराठी अर्थ लिहिताना पेन थांबलं. "पोचवायला येणं लिहू, की गाडीत बसवून देणं?"

"तू जाशील तेव्हा मी विमानतळापर्यंत येणार आहे," मी म्हटलं. "पोचवायला येणं लिही."