खिंडसीचं पाणी मे महिन्यात जातं कुठं?

रामटेकच्या गडावर जाऊन आलं की गाडी खिंडसी तलावाकडे वळतेच, नागपूरकरांचं ते ठरलेलंच. पण मे महिन्यात जाऊन बघा, पाणी पार आत सरकलेलं, मधे भेगाळलेला गाळ, आणि दगडांवर एकाखाली एक फिकट पट्टे, पाणी जसजसं उतरलं तशा खुणा. मग कोणीतरी म्हणतंच, सगळं कालव्याला सोडून दिलं! सोडतात ना, धरण त्याच्यासाठीच बांधलंय, पण आभाळ वाफ करून किती नेतं ते आपल्या गप्पांत येतच नाही.

हिशोब सोपा आहे. 1 चौरस किलोमीटर पाण्यावरून फक्त 1 सेंटीमीटर थर उडाला तर 10,000 घनमीटर गेलं, म्हणजे 1 कोटी लिटर.

आणि हे नुसत्या गरमीने होत नाही बरं. घरचा कूलर आठवा, मे मधे टाकी भरून भरून जीव जातो अन् जुलैत तोच कूलर नुसता चिपचिपा वारा फेकतो. काऊन? तर पावसाळ्यात हवेत आधीच वाफ भरलेली असते, नव्या वाफेला जागाच कमी. मे मधे पारा 45 च्या आसपास, हवा एकदम कोरडी, त्यात वारा पाण्यावरची वाफ लगेच पुढे ढकलतो की मग खालून नवीन तयार. 1 लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2400 किलोज्यूल उष्णता लागते, ती दिवसा ऊन देतं, आणि पाण्यात साठलेल्या उष्णतेवर हे काम रात्रीही थोडंफार चालूच राहतं.

वाफ होते ती वरच्या पृष्ठभागावरून, त्यामुळे पाणी सारखंच असलं तरी खोल तलावापेक्षा पसरट तलाव जास्त गमावतो. गाळ साचला की तेवढंच पाणी जास्त पसरतं, म्हणजे गाळाचा तोटा डबल.

उपाय आहेत. सेटिल अल्कोहोल नावाचा मेणासारखा पदार्थ पाण्यावर टाकला की त्याचा एका रेणूइतका जाड पडदा पसरतो अन् वाफ कमी होते, भारतातही हे करून पाहिलंय, पण जोराचा वारा तो पडदा फाडून काठाला नेऊन टाकतो, आणि आपल्याकडे मे मधे वाऱ्याची कमी नाही. तरंगते सोलर पॅनल सावलीही देतात, वीजही, मला हे जास्त पटतं, फक्त ढीवर लोकांना जाळं टाकायला जागा किती सोडणार ते आधी त्यांनाच विचारा.