वाळ्याला जमतं ते उंदराला का जमत नाही?

कुंडीतली माती उकरताना कधीकधी काळपट, चकचकीत, गांडुळासारखं काहीतरी वळवळत निसटतं. जवळून पाहा. अंगावर बारीक खवले दिसतील आणि इवलीशी जीभ लवलवताना दिसेल. तो वाळा, अगदी निरुपद्रवी साप. त्याला मारू नका. या जातीत नर नसतातच. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच बाहेर पडतात. कुंडीतल्या मातीतून एखादीच मादी परदेशी पोचली तरी तिथे वंश सुरू होतो. हा साप जगभर पसरला तो असा. पिकावरचा मावाही याच रीतीने बघता बघता शेत व्यापतो.

नराशिवाय अशी संतती होण्याला अनिषेकजनन म्हणतात. मग गाय, मांजर, उंदीर, माणूस यांच्यात ते का होत नाही?

बीजांडाला सुरुवात करता येत नाही, असं नाही. उंदराचं बीजांड स्ट्राँशियमच्या द्रावणात ठेवलं, तर शुक्राणू आल्यासारखंच ते विभागू लागतं. गर्भ गर्भाशयात रुजतोसुद्धा. पण साधारण दहाव्या दिवशी तो मरतो. उंदरीण विते तीन आठवड्यांच्या आतबाहेर, म्हणजे तो निम्म्या वाटेवरच थांबतो.

याचं कारण १९८४ मध्ये हाती लागलं. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी आणि फिलाडेल्फियात मॅकग्रा व सॉल्टर यांनी नुकत्याच फळलेल्या बीजांडांतली केंद्रकं अदलाबदल करून पाहिली. दोन्ही केंद्रकं आईकडची ठेवली, तर गर्भ लहानसा पण बऱ्यापैकी घडलेला असे, गर्भाला पोसणारी वार मात्र खुरटलेली. दोन्ही वडिलांकडची ठेवली, तर वार फोफावे आणि गर्भाचा जेमतेम पत्ता. गुणसूत्रांची संख्या दोन्हीकडे बरोबर होती. तरीही आईकडच्या दोन केंद्रकांना आई-वडिलांच्या एकेकाची सर येत नव्हती.

कारण सुमारे शंभर जनुकांवर रासायनिक ठसे असतात. जनुक तेच, अक्षरं तीच, पण प्रत आईकडून आली की वडिलांकडून, यावर ती बोलणार की गप्प बसणार हे ठरतं. गर्भाची वाढ करणारं 'आयजीएफ-२' हे जनुक वडिलांकडून आलेल्या प्रतीवरूनच काम करतं. दोन्ही प्रती आईच्या असल्या, की ते दोन्हीकडे मुकंच राहतं. पक्षी आणि सापांमध्ये असे ठसे आढळलेले नाहीत.

माणसातही याच्या खुणा दिसतात. द्राक्षगर्भ म्हणजे बिघडलेली गर्भधारणा; तिच्यात बहुधा आईचं केंद्रक हरवलेलं असतं. तिथे बाळ घडत नाही, द्राक्षांच्या घडासारखी वार तेवढी फुगत जाते. उलट, अंडाशयातल्या काही गाठी कापल्या की आत केस निघतात, कधी चक्क दात. तिथे बीजांड आपलं आपणच विभागू लागलेलं असतं. हे ठासून सांगायला हवं, कारण अविवाहित मुलीच्या पोटात अशी गाठ निघाली की कुजबुज सुरू होते. या गाठीशी कुठल्याही पुरुषाचा काडीचाही संबंध नसतो.

२००४ मध्ये टोकियोत तोमोहिरो कोनो यांच्या गटाने दोन आया असलेली उंदरीण जन्माला घातली. एक बीजांड प्रौढ मादीचं, दुसरं नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं, ज्यावर आईचे ठसे अजून उमटायचे होते. शिवाय त्या पिल्लाच्या जनुकांतला 'एच-१९' नावाचा तुकडाही काढलेला होता. ४५७ जुळवलेल्या बीजांडांतून १० पिल्लं जिवंत जन्मली आणि मोठी झाली ती एकच. जपानी लोककथेत बांबूत सापडलेल्या राजकन्येवरून तिचं नाव कागुया ठेवलं. पुढे तिला नेहमीच्या पद्धतीने पिल्लंही झाली.

पण कागुयाला आया दोन होत्या. एकाच बीजांडातून ते साधलं २०२२ मध्ये, शांघायमध्ये. तिथल्या संशोधकांनी जनुकं न कापता सात ठिकाणचे ठसे तेवढे बदलले. त्यातून जन्मलेलं एक पिल्लू मोठं झालं, स्वतः व्यालंही. ती मादीच असणार होती. वाय गुणसूत्र आणणारं कुणी तिथे नव्हतंच.