बंद पडलेली रिमोटची बोट आणि वाऱ्याचं गणित

तळ्याच्या मध्यावर रिमोटची बोट बंद पडली की काठावरची पोरं लगेच दगड शोधायला लागतात. बोटीच्या पलीकडे दगड टाकायचा, म्हणजे उठणाऱ्या लाटा तिला अलीकडे ढकलतील, असा हिशेब असतो. पण लाट पुढे गेली तरी पाणी तिच्याबरोबर जात नाही. पाण्याचा कण जवळपास जागच्या जागी गोल फिरतो आणि बोट नुसती वरखाली होते. प्रत्येक फेरीत कण किंचित पुढे सरकतो, हे खरं. त्याचं गणित जॉर्ज स्टोक्स यांनी १८४७ साली मांडलं. अर्धा मीटर लांबीची लाट सरासरी पातळीच्या वर एक सेंटिमीटर उठत असेल, तर त्या गणिताने एका लाटेमागे बोट जेमतेम ८ मिलिमीटर सरकते. वीस मीटरसाठी अडीच हजार लाटा! शिवाय दगडाच्या लाटा पसरता पसरता विरतात, आणि एखादा दगड नेमका बोटीवर बसतो तो वेगळाच.

वारा मात्र हे काम फुकट करतो. वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने पाण्याचा वरचा थर सरकतो. ताशी १० किलोमीटरची झुळूक असली तरी मिनिटाला ५ मीटरच्या आसपास. बोटीचा पाण्यावरचा भाग वाऱ्यात असतो, त्यामुळे ती याहूनही जलद वाहते. म्हणून आधी वारा कुठून येतोय ते बघावं आणि सरळ समोरच्या काठावर जाऊन उभं राहावं. रंकाळ्यासारख्या किंवा पाषाणसारख्या तलावात मधे जलपर्णी आली, तर मात्र ही युक्ती तिथेच अडकते.

बोट का थांबली, हेही बघायला हवं. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ व्होल्टच्या खाली गेला तर कायमचा बिघडू शकतो. म्हणून वेग सांभाळणारं सर्किट त्याआधीच मोटरची वीज तोडतं. पण सुकाणू बहुतेक वेळा चालूच असतं. अशा वेळी रिमोटशी झटापट न करता पाचेक मिनिटं थांबावं. भार उतरला की सेलचा व्होल्टेज थोडा वर येतो, आणि अगदी हळू चालवली तर बोट काठाला लागण्यापुरता जीव त्यात असतो.

उलटलेल्या बोटीची कथा निराळी. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली, तेव्हापासून ही खेळणी रेडिओवरच जगतात. आजचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनच्याच पट्ट्यात. या लहरी पाणी फार पटकन शोषून घेतं. अँटेना काही सेंटिमीटर बुडाली की सिग्नल संपतो. पाणबुडीची मॉडेलं चालवणारे म्हणूनच अजून २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचे जुने संच सांभाळून ठेवतात. काही बोटींच्या एका कडेला मुद्दाम छिद्रं असलेला कप्पा असतो. बोट उलटली की त्यात पाणी शिरतं, एक बाजू जड होते आणि बोट आपोआप सुलटी होते.

वारा पडलेला, बॅटरी संपलेली, अशी वेळ आली तर तंगुसाच्या टोकाला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढायचं. दुसरी बोट हाताशी असेल तर तिच्यामागे दोरी सोडून बंद बोटीभोवती वळसा घालायचा. इथे नायलॉनची दोरी घेऊ नये. ती पाण्यापेक्षा जड, खाली जाते आणि मदतीला गेलेल्या बोटीच्याच पंख्यात गुंडाळली जाते. पॉलिप्रॉपिलीनची दोरी तरंगते. दुसऱ्या बोटीच्या नाकाने ढकलत आणायचा मोह होतो, पण धक्का मधोमध बसला नाही की बंद बोट गर्रकन वळून निसटते. म्हणून सराईत मंडळी पुढच्या टोकाला दोन फाट्यांची चौकट लावतात.

पाण्यात मात्र उतरू नये. गाळात रुतलेला पाय आणि जलपर्णीची मुळं पोहणाऱ्यालाही सोडत नाहीत. बोट हाती आली की आधी बॅटरी काढावी. फुगलेली किंवा आत पाणी गेल्याची शंका असलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. बोट समुद्रात गेली असेल तर मोटर आणि जोडण्या लगेच गोड्या पाण्याने धुवाव्यात, कारण मीठ राहिलं तर तांब्याचे सांधे लवकरच हिरवे पडायला लागतात.