फेव्हरिटवर लावा, हरलात तर दुप्पट करा? आधी हिशेब बघा

फेब्रुवारीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची डर्बी, म्हणजे घोड्यांची मोठी शर्यत, जवळ आली की सिडकोपासून नाशिकरोडपर्यंतच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतो: "प्रत्येक रेसला फेव्हरिटवर लावा, हरलात तर पुढच्या रेसला रक्कम दुप्पट. कधी ना कधी फेव्हरिट येतोच, पैसे बुडत नाहीत."

फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा, कधी ना कधी येतो, हे खरंच. म्हणून तर्क पटतोही. पण किती पैसे देऊन जातो?

समजा १०० आणि २०० रुपये गेले, तिसऱ्यांदा ४०० लावले आणि घोडा जिंकला. निकालात १० रुपयांवर १५ लिहिलंय. त्या १५ मध्ये आपले मूळ १० धरलेले असतात, म्हणजे नफा रुपयाला ५० पैसे. ४०० वर मिळाले २००, आधी गेले ३००. जिंकूनही १०० ने खाली! रकमेच्या बरोबरीने नफा मिळाला तरच दुप्पटीचं गणित जुळतं, आणि फेव्हरिटचा भाव बरेचदा त्याखाली असतो.

दुसरी गोची म्हणजे फेव्हरिट ढोबळमानाने तीनातली एकच रेस मारतो. त्या हिशेबाने सलग सहा हुकण्याची शक्यता अकरात एक. तोवर ६,३०० गेलेले, सातव्यांदा ६,४०० हवेत. शिवाय टोटमध्ये, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीत, आधी कमिशन कापलं जातं, मग उरलेलं वाटतात.

पडताळायचं तर जुने निकाल काढा. ओळीने ३० रेस, प्रत्येकीत फेव्हरिटवर कागदोपत्री १०० रुपये. डिव्हिडंड, म्हणजे निकालात लिहिलेली १० रुपयांवरची रक्कम, मांडा, बेरीज करा. खिशातला रुपयाही न लावता.

तरीही डर्बीला लावायचंच असेल, तर जाईल असं धरून एक रक्कम ठरवा आणि परवानाधारक खिडकीवरच लावा.