छाया: संस्कृत नाटकातल्या कंसामागची गोष्ट

संस्कृत नाटक अभ्यासाला लागलं की पहिल्या दोन-तीन पानांतच एक कंस सोबतीला येतो. नटी बोलते प्राकृतात, म्हणजे त्या काळच्या लोकभाषेत, आणि लगोलग कंसात किंवा पानाच्या तळाशी तेच वाक्य संस्कृतात छापलेलं असतं. ही छाया. नायिका, सख्या, विदूषक, कोळी, शिपाई अशा सगळ्यांच्या बोलण्याला ती जोडलेली असते. राजा आणि त्याच्यासारखी मोठी पात्रं संस्कृत बोलतात, बहुतेक बायका आणि सामान्य पात्रं प्राकृत. पात्रागणिक भाषा का बदलते, हे नाट्यशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगून होतं, त्यामुळे इथे पुन्हा नको. प्रश्न कंसाचा आहे. विद्यार्थी वाचतो तो कंस. आमच्या वर्गात फिरणाऱ्या एका जुन्या प्रतीत तर कुणीतरी प्राकृत ओळींवर पेन्सिलीने रेघच ओढून ठेवली होती, पाठांतराच्या वेळी नजर अडखळू नये म्हणून.

छाया काही छापखान्याने शोधलेली नाही. हस्तलिखितांच्या काळातले टीकाकारही, म्हणजे ग्रंथावर स्पष्टीकरण लिहिणारेही, प्राकृत वाक्य घेऊन ‘इति छाया’ म्हणून त्याचं संस्कृत देत. पण ते टीकेत, मूळ संवादापासून वेगळं. मुंबईत १८५७ मध्ये विद्यापीठ निघालं, १८६८ पासून संस्कृत ग्रंथांची सरकारी माला सुरू झाली, नाटकं पदवीच्या अभ्यासक्रमात आली आणि परीक्षेसाठी एकटाकी वाचता येईल अशा प्रतींची गरज पडली. मग टीकेतली छाया हळूहळू वर सरकत संवादाला येऊन चिकटली. त्या पिढीच्या संपादकांनी मेहनत अफाट घेतली, हे मान्यच. तरी मला वाटतं, विद्यार्थ्याचं नुकसान झालं ते याच सोयीने.

मुळात ‘छाया’ हा शब्दच घोटाळ्याचा. सावली म्हटली की वस्तू आधी आणि सावली मागून. त्या हिशेबाने इथे वस्तू प्राकृत आणि सावली संस्कृत. नाटककाराने लिहिलं ते प्राकृतच, तेव्हा नाव चोख आहे. वर्गात मात्र उलटं शिकवलं जातं: मूळ संस्कृत, त्याचं बिघडलेलं रूप प्राकृत, आणि छाया म्हणजे ते बिघडलेलं पुन्हा नीट करून देणं. या समजुतीला आधार नाही असं नाही. बाराव्या शतकातल्या एका मोठ्या वैयाकरणाने ‘प्रकृतिः संस्कृतम्’, म्हणजे मूळ ते संस्कृत, असं स्वच्छ लिहून ठेवलंय. त्याच्या आधीच्या शतकातला एक टीकाकार मात्र प्राकृत म्हणजे व्याकरणाचे संस्कार न झालेलं, लोकांच्या तोंडचं सहज बोलणं असं सांगतो. पहिलं मत व्याकरण शिकवण्याच्या सोयीचं होतं, म्हणून अभ्यासक्रमात तेच टिकलं. दुसरं तळटीपेत गेलं.

कालिदासाच्या शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात शकुंतला राजा दुष्यंतासाठी पत्र लिहिते. पोपटाच्या पोटासारख्या मऊ कमळाच्या पानावर, नखांनी. ‘तुज्झ ण आणे हिअअं’ अशी त्याची सुरुवात. छायेत होतं ‘तव न जाने हृदयम्’. आता मराठी मुलाला यातलं जवळचं कोणतं? ‘तुज्झ’ म्हणजे आपलं तुझं. ‘ण आणे’ म्हणजे ज्ञानेश्वरीतलं नेणणं. ‘हिअअ’ अजून हिय्यात शिल्लक आहे. पुढे ‘मम उण’ येतं, त्यातला ‘उण’ म्हणजे पुनः; आपलं ‘पण’ त्याच घरातलं. ‘महाराष्ट्राश्रयां भाषां प्रकृष्टं प्राकृतं विदुः’ (महाराष्ट्रातली भाषा हेच उत्तम प्राकृत) हे जुन्या काव्यशास्त्रातलं वचन अभिमानाने फळ्यावर लिहिलं जातं, आणि त्याच महाराष्ट्री प्राकृतातली ओळ आली की मुलांना सांगतात, कंसात बघा.

आणखी एक गोष्ट कंसात मरते. झाडाआडून ऐकणारा राजा पुढे होऊन उत्तर देतो ते ‘तपति’ या शब्दाने सुरू करून: तुला मदन तापवतो, मला तर जाळतोच. तिने पत्रात ‘तवइ’ म्हटलेलं असतं. तिचाच शब्द त्याने आपल्या भाषेत उचलला, ही त्यातली गंमत. छाया वाचणाऱ्याला दोन्हीकडे ‘तपति’च दिसतो. सहाव्या अंकातल्या कोळ्याचंही तेच. तो ‘धीवले’ म्हणतो, र चा ल करतो, स चा श करतो. छायेतला ‘धीवरः’ मात्र पंडितासारखा शुद्ध बोलतो.

प्राकृत किती महत्त्वाचं, हे युरोपातल्या पाठचिकित्सकांना, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ मजकूर ठरवणाऱ्यांना, नको तितकं कळलं होतं. शाकुंतलाचा मजकूर वेगवेगळ्या पाठांत आलाय: त्यातली बंगाली पाठपरंपरा १८३० मध्ये पॅरिसला छापली गेली, देवनागरी परंपरा १८४२ मध्ये बॉनला. १८७७ मध्ये जर्मनीतल्या कीलला बंगाली पाठ पुन्हा निघाला, तो मुख्यतः त्यातलं प्राकृत अधिक चोख आहे या दाव्यावर. आपल्याकडे देवनागरी पाठच रुजला. कोणता पाठ खरा या वादातली प्राकृताची बाजू वर्गापर्यंत पोचलीच नाही, कारण परीक्षेला छायाच पुरत होती.

रंगभूमीवर फरक पुसला गेला तो वेगळ्या वाटेने. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी संगीत शाकुंतल उभं राहिलं ते मराठीत, म्हणजे राजा आणि शकुंतला एकाच भाषेत बोलू-गाऊ लागले. ते अपरिहार्य होतं, शोभलंही. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला. त्यासाठीच्या मांडणीत महाराष्ट्री प्राकृताचा वारसा अग्रभागी होता. त्याच दिवशी प्राकृतालाही तो दर्जा मिळाला; बातम्यांत त्याचा उल्लेख ओझरता.

मूळ संस्कृत नाटकांचे प्रयोग आजही होतात, आणि त्यांत प्राकृत संवाद बहुधा छायेतूनच म्हटले जातात. नटांना पाठ करायला सोपं, प्रेक्षकांना कळायला सोपं. मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकात विदूषक म्हणतो, मला दोन गोष्टींचं हसू येतं, त्यातली एक म्हणजे संस्कृत बोलणारी बाई. नवी वेसण घातलेल्या पहिलटकरीण गाईसारखी ती सू-सू करते. मूळात तो हे प्राकृतात म्हणतो. छायेच्या प्रयोगात अस्खलित संस्कृतात म्हणतो, आणि त्याच प्रयोगातल्या नट्याही तितक्याच अस्खलित संस्कृतात बोलतात.