डांबरीकरणापूर्वी काँक्रीट रस्त्याचे स्थितिपरीक्षण

जुन्या सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर डांबरी थर चढवण्याआधी त्यातील स्लॅब, सांधे व खालचा पाया यांची शिल्लक ताकद ठरवण्याची पद्धत. नव्या थराची जाडी, त्याआधी करावयाची दुरुस्ती आणि क्वचित जुने स्लॅब फोडूनच टाकावेत की काय, हे निर्णय या परीक्षणावर अवलंबून असतात.

पहिली पायरी डोळ्यांनी करावयाच्या पाहणीची. कोपऱ्यातील तुकडे, आडवे-उभे तडे, सांध्याच्या ढासळलेल्या कडा, शेजारच्या स्लॅबांमध्ये पडलेली पायरी आणि सांध्यातून चिखलपाणी उसळल्याचे डाग यांची स्लॅबवार नोंद होते. अशा नोंदींना ० ते १०० गुण देणारा स्थिती निर्देशांक अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने साधारणपणे १९७० च्या दशकात, प्रथम विमानतळांसाठी, विकसित केला. त्यात सुमारे २० स्लॅबांचा एक नमुना घटक धरतात. हा निर्देशांक पृष्ठभागाविषयी सांगतो, स्लॅबखालच्या पोकळीविषयी नव्हे.

डांबरी थरात जुन्या सांध्यांच्या बरोबर वर उमटणाऱ्या परावर्तित तड्यांचे मूळ कोणते, याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे तापमानातील चढउतार हे मुख्य कारण होय : काँक्रीटचा प्रसरणगुणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे १० दशलक्षांश धरल्यास ४·५ मीटर लांबीचा स्लॅब २० अंशांच्या फरकाने जवळजवळ ०·९ मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो, आणि वरचा थर स्लॅबला चिकटलेला असल्याने तो ताण त्याला सहन करावा लागतो. दुसऱ्या मताप्रमाणे चाक सांधा ओलांडताना एक कड दबते व दुसरी जागच्या जागी राहते, तो उभा फरक अधिक घातक ठरतो. दोन्ही कारणे एकत्र काम करतात हे सर्वमान्य असले, तरी परीक्षणाच्या दृष्टीने दुसऱ्या मताला अधिक वजन द्यावे लागते. कारण आडवी हालचाल हवामान आणि सांध्यांमधील अंतर यांवरून मोजल्यावाचूनही अंदाजता येते, उभा फरक मात्र प्रत्येक सांध्यावर वेगळा असतो.

हा फरक मोजण्यासाठी पूर्वी बेंकेलमन तुळई, म्हणजे चाकाखाली पृष्ठभाग किती दबतो ते मोजणारी लांब दांडी, वापरीत. आता फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर, म्हणजे वजन पाडून पृष्ठभागाचे दबणे मोजणारे यंत्र, वापरतात. त्याचा उगम सामान्यतः १९६० च्या दशकातील फ्रान्समध्ये मानला जातो. सांध्याच्या एका बाजूस सुमारे ४० किलोन्यूटनचा धक्का देऊन दोन्ही कडा किती दबल्या ते मोजतात. भार नसलेल्या कडेचे दबणे भागिले भाराखालच्या कडेचे दबणे, हे शेकडेवारीत मांडले की भारसंक्रमण क्षमता मिळते. अमेरिकेतील आश्टो या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या १९९३ च्या मार्गदर्शिकेनुसार ७० टक्क्यांहून अधिक क्षमता चांगली, तर ५० टक्क्यांखालची अशक्त समजतात. मोजणीची वेळ येथे निर्णायक ठरते. भर उन्हात स्लॅब फुगून सांधे गच्च मिटतात आणि कमकुवत सांधाही धडधाकट भासतो. म्हणून पहाटेची किंवा सकाळची मोजणी ग्राह्य धरावी. दुपारचे आकडे दाखवणारा अहवाल जपूनच वाचलेला बरा.

हातोडीची परीक्षा साधी, पण उपयोगी आहे : सलग काँक्रीट खणखणीत वाजते, आतून पापुद्रा सुटलेले बद्द. शंकास्पद जागी कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून जाडी, ताकद व सांध्यातून शेजारचे स्लॅब जोडणाऱ्या डॉवेल गजांचा गंज पाहतात. त्यानंतर जुन्या जाडीला सांधे-तडे, टिकाऊपणा व थकवा यांच्या तीन गुणकांनी गुणून परिणामकारक जाडी काढतात. उदाहरणार्थ, २५० मिलिमीटर स्लॅबचे गुणक ०·९०, ०·९५ व ०·९५ असल्यास हिशेबात सुमारे २०३ मिलिमीटरच धरावे लागतात. एकच दोष दोन गुणकांत मोजला जाऊ नये, ही काळजी घ्यावी लागते. खराब तडे आधीच पूर्ण खोलीपर्यंत दुरुस्त केले, तर पहिला गुणक १ धरता येतो.

भारतात इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ११७ (२०१५) ही संहिता काँक्रीट रस्त्यांच्या अशा मोजणीविषयी आहे. महाराष्ट्रात उलट क्रम, म्हणजे डांबरी रस्त्यावर काँक्रीटचा थर देण्याची व्हाइट टॉपिंगची पद्धत, अधिक परिचित असून तिच्यासाठी आयआरसी एसपी ७६ ही स्वतंत्र मार्गदर्शिका आहे.